दुखणाऱ्या अंगावर हात ठेवण्यापूर्वी



आपल्या चितेगावच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे. दर गुरुवारी मी तिथे असते. एक लाकडी बाक, जाड सतरंजी, दोन उशा, गरम पाण्याच्या तीन पिशव्या, तेलाची बाटली आणि भिंतीवर खडूच्या रेघा एवढेच तिथले सामान. नवा रुग्ण आत आला की आधी इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, "मॅडम, मशीन कुठंय?" मी माझे दोन्ही हात पुढे करते. काही जण हसतात. काहींचा चेहरा पडतो. एवढ्या लांबून आलो आणि इथे तर मशीनच नाही!

अनेक वाचकांनी पत्रातून विचारले आहे की, ही 'हाताची फिजिओथेरपी' म्हणजे नेमके काय? ती मालिशच का? त्याने खरेच बरे वाटते का? या अंकात त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते. माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे, कारण तिच्यातून निघालेला धडा आपल्या आदिवासी बांधवांच्या फार उपयोगाचा आहे.

आमच्याकडे कोण येते?

चितेगाव हे पैठण तालुक्यातले, छत्रपती संभाजीनगर ते पैठण रस्त्यावरचे गाव. टीव्ही तयार करणाऱ्या कारखान्यामुळे एके काळी त्याचे नाव दूरवर पोहोचले. आजही आसपास कारखाने आहेत, शेती आहे, वीटभट्ट्या आहेत. त्यामुळे आमच्या बाकावर येणारी माणसेही तऱ्हेतऱ्हेची. दिवसभर एकाच जागी उभे राहून काम करणारे कामगार येतात. नाथसागरात जाळी ओढणारे येतात. मागावर मान खाली घालून पैठणी विणणारे येतात. दिवाळीनंतर भट्टीवर उतरलेली भिल्ल कुटुंबे येतात, आणि ऊसतोडीचा हंगाम संपला की कारखान्यांवरून परतलेली कोयत्याची जोडपी येतात.

दुखण्याला प्रत्येकाचा वेगळा शब्द असतो. कुणाला 'उसण भरली', कुणाला 'चमक निघते', कुणाची 'मान अवघडली', कुणाची 'शिरेवर शीर चढली', कुणाच्या पोटरीत 'गोळा येतो'. मी हे शब्द तसेच लिहून घेते. उसण म्हटले की अचानक आलेली, श्वास घेताना टोचणारी पाठीतली कळ. गोळा म्हटले की स्नायूचा पेटका. रुग्ण आपल्या शब्दात जे सांगतो, त्यातच अर्धे निदान असते.

हाताखाली काय असते?

हाडांच्या सांगाड्यावर जे काही आहे, त्यातल्या बऱ्याचशा भागाला 'मऊ ऊती' म्हणतात. त्यात स्नायू आले, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आल्या, हाडाला हाडाशी बांधणारे अस्थिबंध आले. स्नायूंवर एक पातळ पण चिवट आवरणही असते. मटण साफ करताना मांसावरचा पांढुरका पापुद्रा सोलावा लागतो, तेच ते. या सगळ्यांवर हाताने दाब देऊन, मळून, ताणून, हालवून केलेला उपचार म्हणजे मऊ ऊतींवरचा हस्तोपचार.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. बाळ-बाळंतिणीचे अंग चोळणे, दिवाळीचे अभ्यंग, कुस्तीच्या तालमीतली मालिश हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. सातपुड्यातल्या घरांत मोहाच्या बियांचे तेल यासाठीच जपून ठेवतात. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असेही आपल्याकडे मानतात. मी या समजुतीला हसत नाही. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपच उतरते, आणि आपल्या माणसाने भीती घालवली की आखडलेली पाठ थोडी सैल होते. जन्माच्या वेळी पाय आधी आले म्हणून कुणाच्या पायाला गुण येतो असे मात्र नाही.

आधुनिक वैद्यकाने यात तपासणीची शिस्त आणली. ब्रिटनचे डॉ. जेम्स सायरिआक्स यांनी दुखणे स्नायूत आहे, कंडरेत आहे की सांध्यात, हे हालचालीवरून ओळखण्याची पद्धत बसवली. दुखऱ्या कंडरेवर आडवे घर्षण देण्याचा उपचारही त्यांच्यामुळे सर्वत्र पोहोचला. अमेरिकेच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या डॉक्टर. त्यांनी डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर १९८३ साली स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. एका जागची गाठ दाबली की कळ दुसऱ्याच जागी कशी उमटते, याचे नकाशे त्यात आहेत. खांद्यावरचा स्नायू दाबला की कानशिलात दुखते, कुल्ल्यातला स्नायू दाबला की पायात कळ जाते. आमच्या बाकावर हे रोज दिसते. या गाठी नेमक्या कशाने बनतात यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे.

आपल्या देशात या शास्त्राचे रीतसर शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झाले. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना उभे करण्याची तेव्हा निकड होती.

एका गुरुवारची गोष्ट

उपचार कसा चालतो ते एका मावशींच्या उदाहरणाने सांगते. मावशी पैठण तालुक्यातल्या भिल्ल वस्तीवरच्या, वय पंचेचाळीसच्या आसपास. हंगाम संपवून आल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, हात वर जाईना. येणी घालाया बी सून लागती."

पहिले काम विचारण्याचे. कधीपासून? कोणत्या कामाने वाढते? रात्री झोप येते का? ताप, खोकला, वजन कमी झाले का? साखरेचा आजार आहे का? मग बघण्याचे. मी त्यांना भिंतीला टेकून उभे केले आणि जमेल तेवढा हात वर न्यायला सांगितला. बोटे जिथे थांबली तिथे खडूने रेघ मारली. ती जेमतेम कानाच्या पातळीला होती.

नंतरची तपासणी सर्वांत महत्त्वाची. मावशींना बाकावर निजवले, हात सैल सोडायला सांगितला आणि तो मी माझ्या हातांनी हळूहळू वर नेला. तो जवळजवळ पूर्ण वर गेला. याचा अर्थ खांद्याचा सांधा मोकळा होता आणि अडवत होते ते आखडलेले, दमलेले स्नायू. सांधाच धरलेला असता तर माझ्या हातांनीही तो वर गेला नसता. सांधा असा धरण्याला 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात. हे नाव अमेरिकेच्या डॉ. कॉडमन यांनी १९३४ साली दिले. मधुमेह असलेल्यांत तो जास्त दिसतो, सुटायला एक ते तीन वर्षेही लागतात आणि त्याचा उपचार वेगळा. म्हणून आम्ही दुखणे दोनदा तपासतो. एकदा रुग्णाने स्वतः हालचाल करून आणि एकदा आम्ही करून.

उपचारापूर्वी मी मावशींना सांगितले की कुठे हात लावणार, किती दाबणार आणि 'पुरे' म्हटले की लगेच थांबणार. सून शेजारी बसली. लुगड्याचा पदर फक्त खांद्यापुरता बाजूला केला. ही शिष्टाचाराची बाब तर आहेच, पण उपचाराचाही भाग आहे. संकोचलेले किंवा घाबरलेले शरीर सैल होत नाही, आणि सैल न झालेल्या स्नायूवर कितीही जोर लावला तरी उपयोग नाही.

आधी दहा मिनिटे गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून. नंतर तेलाचे दोन थेंब घेऊन तळहाताने लांब, सावकाश, हलका दाब. या हातानेच कळते की कुठे कणकेसारखे मऊ आहे आणि कुठे सुतळीसारखे ताठ. त्यानंतर बोटांनी मळणे. मग सर्वांत दुखऱ्या जागेवर अंगठा ठेवून दाबून धरणे, साधारण अर्धा ते दीड मिनिट. दुखण्याला दहापैकी गुण द्यायला सांगते. चार-पाचच्या वर गेले की मी हात हलका करते. 'जितके दुखेल तितका गुण' हा समज चुकीचा आहे. फार दाबले तर शरीर बचावासाठी आणखी आखडते आणि दुसऱ्या दिवशी काळेनिळे डाग उठतात.

शेवटी ताण. मावशींनी आपला हात माझ्या हातावर अगदी हलक्या जोराने पाच-सहा सेकंद दाबायचा, मग सोडायचा. सोडल्याबरोबर मी तो थोडा आणखी वर न्यायचा. असे चार वेळा. पुन्हा भिंतीपाशी उभे केले तर बोटे पहिल्या रेघेच्या वर टीचभर गेलेली. मावशी रेघेकडे बघतच राहिल्या.

हाताने नेमके काय होते?

गाठ फुटते, वायू निघून जातो, नस जागेवर बसते, शरीरातले विष बाहेर पडते असे लोक म्हणतात. यातले काहीही होत नाही. स्नायूंवरचे आवरण इतके चिवट असते की अंगठ्याच्या दाबाने ते कायमचे लांब होत नाही. मग टीचभर फरक दहा मिनिटांत कसा पडला?

फरक पडला तो मज्जासंस्थेत. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी वेदनेच्या 'फाटकाची' कल्पना मांडली. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एका फाटकातून जातो. स्पर्शाचे आणि दाबाचे निरोप त्याच वाटेने आले की फाटक थोडे मिटते. ठेच लागली की आपण नकळत ती जागा चोळतो, ते याचमुळे. शिवाय विश्वासाच्या, सावकाश स्पर्शाने भीती उतरते आणि आजवर धोका समजून अडवलेली हालचाल शरीर करू देते. नंतर या कल्पनेत पुष्कळ भर पडली, पण तिचा गाभा टिकून आहे.

म्हणजेच हाताने मिळतो तो अवधी असतो. काही तास, फार तर एक-दोन दिवस दुखणे कमी राहते. त्या अवधीत हालचाल आणि व्यायाम केला तर सुधारणा टिकते. नुसते चोळून घेतले आणि पुन्हा पडून राहिले तर सगळे पूर्ववत होते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असे तेव्हा सांगण्यात आले. त्या मार्गदर्शिकेत रुग्णशिक्षण, व्यायाम आणि मालिशसारखे हस्तोपचार यांचा समावेश आहे. कंबरेला वजन लावून ओढणे आणि नेहमीसाठी पट्टा बांधणे यांची मात्र शिफारस केलेली नाही. म्हणून आमच्या खोलीत मशीन नाही याचे मला वाईट वाटत नाही.

मावशींना मी दोनच व्यायाम दिले. बोटांनी भिंत चढायची, दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. आणि दोन्ही खांद्यांची पाती मागे ओढून पाच आकडे मोजायचे. सहा गुरुवार त्या आल्या. चौथ्या गुरुवारी त्यांनी माझ्यासमोर स्वतःचा अंबाडा स्वतः बांधला. सून टाळ्या वाजवत होती.

पुढच्या हंगामासाठी मी सल्ला दिला: मोळी दोघांनी मिळून उचलावी, दर तासाला दोन मिनिटे खांदे हालवावेत, पाणी प्यावे, दुखू लागले की एक दिवस तोड थांबवावी. मावशी शांतपणे म्हणाल्या, "मुकादमाची उचल फिटल्याबिगर कोण बसू देतंय, बाई?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. हंगाम संपल्यावर खांदा मोकळा करून देणे माझ्या हातात आहे. तो पुन्हा का आखडतो याचे कारण त्या उचलीत आहे, आणि ते माझ्या हाताबाहेरचे आहे. हे मी विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवते.

माझी चूक

आता दुसरी गोष्ट. नंदुरबारकडून आलेले एक भिल्ल कुटुंब भट्टीवर काम करत होते. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा आला. उजवी मांडी आणि जांघ दुखते, लंगडावे लागते. दिवसभर उकिडवे बसून विटा थापणे हे काम. मला वाटले, जांघेचे स्नायू आखडले, दुसरे काय असणार?

मी शेक दिला, मांडी मळली, जांघेतली दुखरी जागा दाबली, ताण दिला. त्याला बरे वाटले. पुढच्या गुरुवारी म्हणाला, "ताई, रातच्यालाच परत सुरू झालं." मी पुन्हा तेच केले. तिसऱ्या गुरुवारी वडील म्हणाले की लहानपणापासून हा अधूनमधून अंग दुखून निजतो, डोळे पिवळे होतात, हिवाळ्यात जास्त. मी मान डोलावली आणि मांडीवर हात ठेवला. त्यांनी मला निदान हातात आणून दिले होते, आणि मी ते बाजूला ठेवले.

त्या दिवशी उपचारानंतर मी त्याला सतरंजीवर बसायला सांगितले. त्याला मांडी घालता येईना. उजवा गुडघा वरच राहिला. त्याला निजवून, गुडघा काटकोनात वाकवून मी पाऊल अलगद बाहेरच्या बाजूला नेले. त्यामुळे खुब्याचा सांधा आत फिरतो. तो फिरलाच नाही, आणि मुलगा कळवळला. मावशींच्या खांद्याची जी तपासणी मी पहिल्या दिवशी केली होती, ती याच्या खुब्याची मी तीन आठवड्यांनी करत होते. तरुण आहे, मेहनतीचे काम करतो, म्हणजे स्नायूच असणार, असे मी गृहीत धरले होते.

दुसऱ्या दिवशी त्याला शहरात नेले. एक्स-रेत खुब्याच्या हाडाचा गोल माथा चपटा झालेला दिसला. रक्ताच्या तपासणीत सिकलसेलचा आजार निघाला.

सिकलसेल आणि 'अंगदुखी'

हा आजार आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावा अशी विनंती आहे. तो आनुवंशिक आहे. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी यात विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे रक्त पोहोचत नाही तिथे भयंकर दुखते. हाडांत, सांध्यांत, पाठीत, पोटात, छातीत. थंडी, ताप, पाणी कमी पिणे, अतिश्रम यांनी हे दुखणे उफाळते. खुब्याच्या माथ्याला मुळातच रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून तिथले हाड मरू लागते आणि सांधा आखडतो. बाहेरून पाहणाऱ्याला ती साधी जांघदुखी वाटते.

महाराष्ट्रात नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत भिल्ल, पावरा, गोंड, परधान अशा अनेक समाजांत हा आजार आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, आणि वाहक होण्याची दोनात एक. वाहकाला सहसा त्रास नसतो, म्हणून कुणाला कळतही नाही. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे ध्येय आहे. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्ताने पहिली चाचणी होते आणि संशय आला तर पुढची तपासणी करून खात्री करतात. आजार मुळातून जाण्याचा उपाय सर्वांच्या आवाक्यातला नाही. पण हायड्रॉक्सीयुरिया हे औषध, फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, लसीकरण आणि वेळेवर दवाखाना यांनी दुखण्याचे झटके पुष्कळ कमी होतात.

अशा झटक्यात जोराने मालिश करू नये, बर्फ लावू नये. ऊब द्यावी, पाणी पाजावे आणि दवाखाना गाठावा. ताप, छातीत दुखणे किंवा दम लागणे यांपैकी काही असेल तर एक तासही वाया घालवू नये.

माझ्या तीन आठवड्यांनी त्या मुलाचा खुबा बिघडला असे डॉक्टर म्हणाले नाहीत. ते काम बऱ्याच आधीपासून चालू होते. पण त्या तीन आठवड्यांत तो त्याच पायावर उकिडवा बसून विटा थापत होता, आणि मी त्याला बरे वाटायला लावून कामावर परत पाठवत होते. बरे वाटणे आणि बरे होणे यांतला फरक मला त्या मुलाने शिकवला.

हात कधी थांबवायचा?

तेव्हापासून खोलीच्या दारावर आतल्या बाजूने मी एक कागद चिकटवला आहे. तो माझ्यासाठी आहे, पण अंग चोळून देणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे. पुढीलपैकी काहीही असेल तर चोळू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे:

— रात्री झोपेतून उठवणारे, विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे.

— संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, जुना खोकला. पाठीच्या मणक्यालाही क्षयरोग होतो.

— एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी. आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

— पायातली ताकद जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे. ही तातडीची बाब आहे.

— कातडीवर बधिर चट्टा. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. तिथे शेक दिला तर भाजल्याचेही कळत नाही.

— पडल्यावर, मार लागल्यावर आलेली सूज. हाड मोडलेले असू शकते.

— आदिवासी कुटुंबातल्या मुलाचे किंवा तरुणाचे वारंवार येणारे अंगदुखणे, डोळे पिवळे, रक्त कमी. आधी सिकलसेलची तपासणी.

— रुग्णाने हालवले तरी आणि आपण हालवले तरी न हालणारा सांधा.

आणखी एक. केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेण्याची अनेकांना हौस असते. कृपया ती सोडा. मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या मानेच्या मणक्यांतून जातात. झटक्याने त्यांना इजा झाली तर अर्धांगवायूपर्यंत वेळ येऊ शकते. लहान मुलांच्या पोटावर, मोठ्यांच्या पाठीवर डागण्या देणेही तसेच. डागाच्या आगीत मूळ दुखणे थोडा वेळ लपते आणि वेळ मात्र निघून जातो.

घरी काय करता येईल?

साधी, कामाने आलेली दुखणी घरीही हलकी करता येतात. टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पिशवीने दहा-पंधरा मिनिटे शेक. मग तेल लावून सावकाश, सोसेल एवढाच दाब. दुखरी जागा दाबताना श्वास रोखू नये. पाठीतल्या गाठीसाठी जुन्या मोज्यात चेंडू घालून तो पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरावा आणि त्यावर अंगाचा भार द्यावा. आणि लगेच हालचाल करावी: खांदे फिरवणे, भिंत चढणे, थोडे चालणे. उसण भरल्यावर आठवडाभर अंथरुणात पडून राहण्याचा सल्ला आता कुणी देत नाही. जमेल तेवढे हिंडत राहणारा माणूस लवकर बरा होतो. पंधरा दिवसांत उतार नसेल तर दाखवून घ्यावे.

त्या मुलाचे पुढे काय झाले असे आपण विचाराल. तो आता काठी घेऊन चालतो. औषध रोज घेतो, दुखण्याचे झटके कमी झाले आहेत. उकिडवे बसण्याचे काम त्याने सोडले आणि भट्टीवर विटांचा हिशेब लिहू लागला आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी तज्ज्ञांचा सल्ला चालू आहे. मी त्याच्या खुब्याभोवतीचे स्नायू सैल ठेवते, मांडीची ताकद टिकवण्याचे व्यायाम करून घेते. हात आजही तेच काम करतात, पण आता त्यांना ठाऊक आहे की ते कशासाठी फिरताहेत.

त्याच्या निदानानंतर घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासले. नऊ वर्षांच्या धाकट्या बहिणीलाही आजार निघाला. तिचे कधीकधी पाय दुखत, आणि आई रात्री तेल लावून चोळून द्यायची. तिचे औषध सुरू झाले आहे. गेल्या गुरुवारी भावाबरोबर ती आली, आणि त्याचा व्यायाम चालू असताना सतरंजीवर छान मांडी घालून चित्र काढत बसली होती. दोन्ही गुडघे जमिनीला टेकलेले. मी ते पुन्हा पुन्हा बघत होते.

आपल्या परिसरात, शेतावर, भट्टीवर, वसतिगृहात एखादे आदिवासी मूल सतत 'अंग दुखते' म्हणत असेल तर त्याला कामचुकार म्हणू नका आणि नुसते चोळूनही देऊ नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात त्याचे थेंबभर रक्त तपासून घ्या. चितेगावच्या जवळ असाल तर गुरुवारी आमच्याकडे घेऊन या. मशीन नाही, पण आता आम्ही आधी विचारतो, मग तपासतो, आणि मगच हात ठेवतो.